दोरी कोपराला असते (एका प्रतिक्रियेला उत्तर)

काका, नमस्कार. नृत्यदिग्दर्शक शांती बर्धन यांच्यावरच्या माझ्या लेखावर तुम्ही दोन आक्षेप घेतलेत. ग्वाल्हेरशी त्यांचं नातं मी ओढूनताणून जोडलं हा एक, आणि ‘बाहुल्यांची नक्कल म्हणजे नृत्य नव्हे’ हा दुसरा.

पहिल्यात तुमचं बरोबर आहे. ‘बर्धन ग्वाल्हेरला आले’ असं मी लिहून गेले, ते चूक. १९५४ साली क्षयाने ते गेले तेव्हा त्यांनी चाळिशीही गाठली नव्हती. इथे आली ती त्यांनी मुंबईत १९५२ साली उभी केलेली लिटिल बॅले ट्रूप, तीही त्यांच्या पश्चात, त्यांच्या पत्नी गुल बर्धन यांच्यासोबत. पुढे मंडळी भोपाळला गेली. वाक्य दुरुस्त केलंय.

दुसरा आक्षेप मात्र मला पटत नाही. धड नाचता येईना म्हणून माणसाने बाहुल्या धरल्या, असा तुमचा सूर आहे. अहो, ते मणिपुरी शिकलेले, मग अल्मोड्याला उदयशंकरांच्या केंद्रात तयार झालेले. तिथे कथकळीला शंकरन नंबुद्री, भरतनाट्यमला कंदप्पा पिल्लै, मणिपुरीला अमोबी सिंग! (आपण ग्वाल्हेरकर घराणं विचारल्याशिवाय कुणाला मानत नाही, म्हणून ही नावं.) एवढं गाठीशी असताना ‘रामायण’ या बॅलेत त्यांनी माणसांना कठपुतळ्यांसारखं नाचवलं.

त्यातली मेख मला ग्वाल्हेरच्या लश्कर भागातल्या मावशीने दाखवली. तिने तो प्रयोग तरुणपणी पाहिलेला. भाजी निवडता निवडता म्हणाली, “हात वर कर.” मी केला. “चूक. तू बोटांपासून उचललास. दोरी कोपराला असते.” मग तिने स्वतःचं कोपर वर नेलं. मनगट खाली लोंबतच राहिलं, आणि मेथीची काडी बोटांतून आपसूक गळून पडली. कोपर जिथे थांबलं तिथे सगळंच थांबलं, पुढे एक लहरही नाही. करून बघा काका, खांदा भरून येतो. आपला हात सवयीने मनगटातून डौल घ्यायला जातो. तो डौल सोडायचा आणि तरीही ताल सांभाळायचा, याला मी तरी नक्कल म्हणणार नाही.

प्रयोग पाहून कंटाळलो, असं तुम्ही लिहिलंय. म्हणजे पाहिलात तर! तो ग्वाल्हेरलाच पाहिलात का? कुठे, आणि सोबत कोण होतं? तेवढं सवडीने कळवा, लेखात घालते.