सही केली तरी औषधचाचणी सोडता येते

क्लिनिकल ट्रायलच्या संमतीपत्रावर सही केली की मध्येच सोडता येत नाही, सोडल्यास खर्च वसूल करतात, असा मेसेज फिरतोय. तो चुकीचा आहे. भारतातल्या 2019 च्या नियमांत संमतीपत्राचा मसुदाच ठरवून दिलाय. कारण न सांगता कधीही बाहेर पडता येईल, त्याने उपचारांवर किंवा कायदेशीर हक्कांवर परिणाम होणार नाही, हे वाक्य त्यात असतं. सहीआधी तेवढं शोधाच. माहितीपत्रक घरी नेऊन निवांत वाचा, सही केलेल्या कागदांची प्रत मागून घ्या. चाचणीमुळे इजा झाली तर उपचार मोफत, शिवाय भरपाई. सोडायचं ठरलं तरी गोळ्या परस्पर बंद करू नका. काही औषधं एकदम थांबवली की त्रास उलटतो, म्हणून आधी चाचणीच्या डॉक्टरांशी बोला. तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका.