मामाच्या खात्यावर श्रीमंत व्हा

महिन्याला १५००० रुपये जादा, तेही गादीवर लोळत, हे कोणाला नको आहे? माझ्या झेरॉक्सच्या दुकानात भरतीचे फॉर्म भरायला येणाऱ्या निम्म्या पोरांकडे ही योजना तयार असते. फॉर्मचे ५० रुपये तेवढे उधार असतात. म्हणून म्हटलं, आपणही समाजाचं काही देणं लागतो, तर मार्गदर्शन करावं. यातली कमाई माझ्या भाच्याची आहे, भोगणं माझं आहे, आणि सल्ला तुम्हाला फुकट आहे.

सुरुवात फोनपासून करा. साध्या फोनवर कौशल्य उमटत नाही. ९० एफपीएस, म्हणजे पडद्यावर सेकंदाला ९० चित्रं, हवेत, हप्ता बापाच्या नावावर हवा. कमाई सुरू झाली की पहिला हप्ता तुम्हीच भरणार आहात, असं बापाला सांगून ठेवा. तो दरवेळी विश्वास ठेवतो.

मग बीजीएमआय, म्हणजे मोबाइलवरच्या पबजी या गोळीबाराच्या खेळाचा भारतीय अवतार. रात्री दोन वाजता लाइव्ह यायचं आणि 'गाईज, लाइक ठोका' म्हणून घर उठवायचं. यूट्यूब जाहिरातीतला वाटा द्यायला लागतं ते १००० सबस्क्रायबर आणि वर्षभरात ४००० तासांचं पाहणं झाल्यावर, म्हणजे अगदीच किरकोळ अट. सध्या पाहणाऱ्यांत आत्तेभाऊ आहे, तुमचाच जुना फोन आहे आणि एक अनोळखी माणूस आहे जो नुसता शिव्या देतो. करिअरचं म्हणाल तर भक्कम. सप्टेंबर २०२० मध्ये पबजी बंद, जुलै २०२१ मध्ये बीजीएमआय सुरू, जुलै २०२२ मध्ये तेही गायब, मे २०२३ मध्ये पुन्हा हजर. इतकी स्थिर नोकरी शोधून सापडायची नाही. (खरं ई-स्पोर्ट्स वेगळं, ते मला मान्य आहे. २०२३ च्या हांगझू आशियाई स्पर्धेत त्याला पदकं होती. पण तिथे संघ असतो, शिस्त असते, हरल्यावर चुका बघत बसावं लागतं. तुम्हाला झटपट हवंय ना? मग ते सोडा.)

खेळाचा आयडी विकूनही पैसे मिळतात. कंपनीच्या अटींत मनाई आहे, पण अटी वाचायला वेळ कोणाला आहे.

आता रमी. पत्त्यांत पैसे लावणं म्हणजे जुगार, असं आमची आजी म्हणायची. आजीला कायदा कळत नव्हता. रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९६७ सालीच सांगितलंय. खटला सिकंदराबादच्या एका क्लबचा होता, जिथे माणसं एकमेकांची तोंडं बघत खेळत होती. त्यावर पुढे ॲपवाल्यांनी माड्या चढवल्या. कौशल्याला आपल्याकडे प्रतिष्ठाही आहे. जुलै २०२५ मध्ये तेव्हाचे कृषिमंत्री माणिकराव कोकाटे विधिमंडळात मोबाइलवर रमी खेळताना दिसतात, असा व्हिडिओ फिरला. त्यांचं म्हणणं, खेळत नव्हतो, आपोआप उघडलेला गेम बंद करत होतो. बंद करायलाही कौशल्य लागतंच. महिनाअखेरीला त्यांचं कृषी खातं गेलं आणि क्रीडा खातं आलं. आता बोला.

पुढच्याच महिन्यात मात्र दिल्लीने घात केला. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचं विधेयक २० ऑगस्टला लोकसभेत, २१ ला राज्यसभेत मंजूर, २२ ला राष्ट्रपतींची सही. आमच्या गल्लीतल्या गटाराच्या फायलीला हा वेग कोणीतरी शिकवा. खेळ चालवणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत कैद आणि १ कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्याला २ वर्षांपर्यंत आणि ५० लाखांपर्यंत. खेळणाऱ्याला शिक्षा नाही, कारण त्याला ती आधीच होऊन गेलेली असते. मोठ्या ॲपांनी दुकान आवरलं. ज्या नटांनी आणि क्रिकेटपटूंनी आपल्या पोरांना 'टीम लावा' शिकवलं आणि सवय लागू शकते हे शेवटी एका श्वासात पुटपुटून घेतलं, ते आता दुसरं काहीतरी विकतायत. तुम्ही हताश होऊ नका. टेलिग्रामवर एपीके मिळते, म्हणजे प्ले स्टोअरला वळसा घालून थेट फोनमध्ये टाकायची ॲपची फाइल. तिथे जीएसटी नाही, टीडीएस नाही आणि जिंकलेले पैसे हातात यायची भानगडही नाही.

टेलिग्राम उघडलंच आहे तर 'टास्क' करा. परक्या नंबरावरून एक मॅडम येतील. हॉटेलाला पाच तारे द्या, ५० रुपये घ्या. पहिले १५० खरोखर खात्यात येतात. मग १००० भरून १३०० मिळवायचे, मग ५००० भरायचे, मग तुमचा स्कोअर कमी झाला म्हणून पैसे अडकतात, मग ते सोडवायला आणखी भरायचे, मग त्यावरचा टॅक्स आधी भरायचा. ग्रुपमधले बाकीचे जण आपल्याला पैसे मिळाल्याचे फोटो टाकत असतात. ते सगळे त्या मॅडमच असतात, आणि त्या मॅडमही बहुतेक दाढी करतात.

घरबसल्या पेन्सिल पॅकिंग: पेन्सिल येत नाही, नोंदणी फी जाते.

डेटा एंट्री: चुका जास्त झाल्या म्हणून वकिलाची नोटीस तुम्हालाच.

आता मुख्य मार्ग. सगळ्यांत सोपा, कौशल्यही लागत नाही. बँक खातं भाड्याने द्या. पासबुक, एटीएम कार्ड, चेकबुक आणि खात्याला जोडलेलं सिम, या सगळ्याला मिळून 'किट' म्हणतात. किट कोण्या दादाच्या हातात ठेवायचं आणि घरी येऊन झोपायचं. खात्यातून जे काही वाहील त्यावर कमिशन. दादा विचारलं तर सांगतो की गेमिंगचे पैसे आहेत, टॅक्स वाचवायचाय. तुम्ही विचारतच नाही.

पैसे कुठून येतात? लांबच्या कुठल्यातरी राज्यात एका पेन्शनर माणसाला व्हिडिओ कॉलवर खोटा पोलीस 'डिजिटल अरेस्ट' करतो. तो घाबरून ठेव मोडतो. ते पैसे एका खात्यात, तिथून दहा खात्यांत, तिथून आणखी पन्नास. त्या पन्नासातलं एक माझ्या भाच्याचं. म्हातारा शुद्धीवर येऊन १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन करतो, आणि साखळी जिथवर जाते तिथवरची खाती गोठत जातात. योग्यच आहे. त्याच्या जागी मी असतो तर मीही हेच मागितलं असतं.

पण साखळी कुठवर गेली? तर आमच्या गुणी भाच्याला कमिशन मिळालं आणि त्याला आयुष्यात पहिल्यांदा उसनवारी आठवली. माझ्याकडून नेलेल्या ५००० पैकी ३००० त्याने माझ्या दुकानाच्या क्यूआरवर मारले. साउंडबॉक्स खणखणीत ओरडला. मी ताईला फोन करून पोराचं कौतुकही केलं.

मग होलसेलवाल्याला कागदाचे पैसे पाठवायला गेलो तर जाईनात. बँकेत गेलो.

"साहेब, लीन लागलंय, म्हणजे पैसे अडकवून ठेवलेत."

"किती रकमेवर?"

"रक्कम ३००० आहे. पण खातं पूर्ण बंद दिसतंय."

"कोणी केलं?"

"वरून आलंय."

वरून म्हणजे कुठून, तर त्या लांबच्या राज्यातलं एक सायबर ठाणं. बँक म्हणते तिथून एनओसी आणा. ठाण्याचा फोन लागत नाही. लागला तर मेल करा म्हणतात. मेलला उत्तर येत नाही. आपल्या इथले पोलीस म्हणतात, आमच्या हद्दीत गुन्हा नाही. बँकेतला माणूस म्हणतो, अर्ज द्या. दिला. झेरॉक्स जोडा. दिली, माझ्याच दुकानातली! ३००० अडकवा की, ३०००० अडकवा, पण दुकानाचं अख्खं खातं? वीजबिल कशातून भरू? होलसेलवाल्याला दिलेला चेक परत गेला, त्याचा दंड मात्र त्याच गोठलेल्या खात्यातून बरोबर वजा झाला. तो कसा झाला, हे विचारायचं नाही. गिऱ्हाईक क्यूआर समोर धरतं आणि मी 'रोख द्या' म्हणतो, तेव्हा ते माझ्याकडे मीच चोर असल्यासारखं बघतं.

आणि भाचा काय म्हणाला? "टेन्शन नको घेऊस मामा, आपोआप निघतं."

आपोआप? अरे गाढवा, आपोआप काही निघत नाही. तू खातं दिलंस तेव्हा एका म्हाताऱ्याची जन्माची पुंजी बाहेर काढायला दार उघडून दिलंस. 'मला माहीत नव्हतं' म्हणू नकोस, स्वतःचं सिम काढून परक्याच्या हातात देताना तुझ्या पोटात गोळा आला होता, हे तूच ताईला सांगितलंयस. पोलीस भरतीच्या मैदानावर दोन वर्षं घासतोयस ना? लेखीही पास होशील कदाचित. मग चारित्र्य पडताळणीला तुझं नाव त्या ठाण्याच्या कागदात सापडलं की काय दाखवणार आहेस, बीजीएमआयमधली तुझी कॉन्करर रँक? आणि तुझ्यासारखी आणखी पोरं त्या दादाने कॉलेजच्या गेटवर उभी केलीत, त्यातल्या कोणाच्या आईला याची गंधवार्ता नाही. दादा तुरुंगात जाणार नाही, त्याचं नाव कुठल्याच कागदावर नाही. तुझं आहे.

उद्या सकाळी बँक उघडली की तुझ्या आईला घेऊन जा. किट कोणाला दिलं, किती वेळा पैसे आले, सगळं लेखी दे, पोच घे. तिथून थेट सायबर पोलिसांकडे स्वतःच्या पायाने जा, मी बरोबर येतो. आणि माझे उरलेले २००० द्यायचे झाले तर काम करून दे, आणि रोख आण.