सोळा पायांचं काम

नागपूरच्या झिरो माईलला, त्या जुन्या दगडी खांबापाशी, पुतळ्यांचे घोडे चार आहेत, म्हणजे पाय सोळा. हा हिशेब घरून निघण्याआधी करायला पाहिजे होता. घोड्याचा मागचा पाय ही निसर्गानं चित्रकाराची केलेली थट्टा आहे. गुडघा भलत्याच बाजूला मोडतो, आणि तो बरोबर नाही आला हे ज्यानं आयुष्यात टांग्यातही बसून पाहिलं नाही त्यालासुद्धा कळतं.

मार्चमधला शनिवार होता. सकाळी साडेसातला घडीचं स्टूल, मांडीवर बोर्ड, बोर्डाला टेपनं चिकटवलेला जलरंगाचा जाड कागद असा मी फुटपाथच्या कडेला बसलो, तेव्हा तिथं मी आणि घोडे एवढेच होतो. पेन्सिलची पहिली रेघ ओढली आणि मागं कोणीतरी घसा खाकरला.

आमच्या नागपुरात रस्त्यावर खड्डा खोदणं चालू असलं की माणूस त्यात डोकावल्याशिवाय पुढं जात नाही. मी तर खड्ड्यापेक्षा सरस. खड्डा उत्तर देत नाही.

"काय करून राहिले काकाजी?"

"चित्र काढतोय."

"ते दिसून राहिलं ना. काहून काढून राहिले?"

याचं उत्तर माझ्याकडे अजूनही नाही. बायकोनंही हेच विचारलं होतं, फक्त 'काकाजी' न म्हणता.

आठ वाजेपर्यंत दहा-बारा जण जमले. एकानं खिशातून फोन काढला आणि माझ्या डोक्यावरून धावतं वर्णन सुरू केलं. "झिरो माईलवर आहो. एक जण बसला इथं, चित्र काढून राहिला. नाही ना, बकऱ्या नाही, घोडे आहेत. मी पण आधी तेच समजलो." मी ब्रश जरा जोरात झटकला. "हो, आता रागावला वाटते."

पायांपेक्षा खांब सोपा, म्हणून मी खांबाकडे वळलो. तेवढ्यात फिरायला निघालेले एक निवृत्त गृहस्थ पुढं सरसावले. हा साधा खांब नाही, 1907 सालचा सर्वेक्षणाचा बेंचमार्क, म्हणजे उंची मोजायची पक्की खूण आहे, असं त्यांनी सर्वांना सांगितलं. समुद्रसपाटीपासून उंची 1020.171 फूट. दशांशचिन्हापुढचे तीन आकडे त्यांनी सुटे सुटे उच्चारले आणि मग चष्मा वर करून माझ्या कागदाकडे पाहिलं. इंग्रजांनी फुटाच्या हजाराव्या भागापर्यंत मोजून उभा केलेला खांब माझ्या चित्रात चांगलाच कलला होता. तिथल्या दगडावर गावांची अंतरं कोरलेली आहेत: हैदराबाद 318 मैल, जबलपूर 170. माझा खांब जबलपूरकडे निघाला होता. अंतर कमी, एवढाच त्याच्या बाजूनं मुद्दा.

"पण हा भारताचा मध्यबिंदू ना?" एका कॉलेजच्या पोरानं विचारलं. त्याचा मित्र म्हणाला, "तो जुना. पाकिस्तान वेगळा झाल्यावर मध्य सरकला ना बे." "मग घोडे काहून नाही सरकले?" यावर जी चर्चा पेटली, तिच्यात पाच मिनिटं माझ्याकडे कोणी पाहिलं नाही. चित्रातलं जे काही बरं आलं आहे, ते त्या पाच मिनिटांतलं आहे.

नऊनंतर ऊन तापलं. जलरंगाला ओलावा लागतो आणि नागपूरच्या मार्चला ओलाव्याशी काही देणं-घेणं नसतं. आभाळाला निळा हात मारून ब्रश पाण्यात बुडवून परत येईतो आभाळ वाळून कडेला पट्टा धरायचं. माझं पाणी गढूळ झालेलं बघून एका भल्या माणसानं ते न विचारता ओतून दिलं आणि आपल्या बाटलीतलं थंड पाणी भरलं. असं त्यानं तीनदा केलं. तिसऱ्यांदा पाण्याबरोबर माझा लहान ब्रशही गटारात गेला.

खरी पंचाईत उन्हानं केली. घोड्यांच्या पाठीवर उजेड पडला होता. जलरंगात उजेड रंगवत नाहीत, तिथं कागद कोरा सोडतात. हे मी समजावून सांगितलं. सगळ्यांनी माना हलवल्या. मग बाजूला उकिडवा बसून सुपारी-तंबाखूचा खर्रा घोटणारा एक जण अतिशय हळुवारपणे म्हणाला, "पांढरा संपला वाटते." मी पुन्हा समजावलं. त्यानं पुन्हा मान हलवली, डबी उघडली आणि बोटावर चुना घेऊन पुढच्या घोड्याच्या पाठीवर एक टिपका ठेवला. "आता आला उजेड."

वाईट याचं वाटलं, की खरंच आला.

इथून पुढं चित्र माझं राहिलं नाही. एका ऑटोवाल्यानं त्याचा ऑटो आणून माझ्यासमोर, घोड्यांच्या डाव्या अंगाला उभा केला. "माहाही घ्या ना जी. नवीनच आहे." मला ऑटो नको होता, पण त्या जागी बिघडलेले पाच पाय होते आणि ऑटो ते सगळे झाकत होता. मी काढायला बसलो. समोरची काच, चाक, हँडल, निम्मं छत झालं आणि महाल भागात जाणारी सवारी आली. "आलोच," म्हणून तो गेला. कागदावर अर्धा ऑटो उरला.

आता गर्दी तीसेकांची. उरलेला अर्धा कसा असतो यावर तिघांचं तीन प्रकारचं मत, त्यातले दोघं स्वतः ऑटोवाले.

पाऊण तासानं तो परत आला, घाम पुसत, आणि जागच्या जागी ऑटो लावला. तोंड मात्र दुसऱ्या दिशेला.

"अहो, तोंड तिकडे होतं."

"सवारी सोडून तिकूनच आलो ना जी. आता वळवत नाही, मागं बस आहे."

मी निमूटपणे जे दिसत होतं ते काढलं: दुसरी काच, दुसरं हँडल. मागं एकदम शांतता. मग निवृत्त गृहस्थांनी घसा खाकरला, "दोन्हीकडे तोंड झालं हो याला."

ऑटोवाला वाकला, बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "राहू द्या. सवारी कुठूनही भेटते."