लिओ वराडकरांबद्दलच्या मेसेजचा खुलासा

परळ-लालबागच्या मालवणी ग्रुपांवर पुन्हा एक मेसेज फिरतोय: 'मुंबईत जन्मलेला वराडचा सुपुत्र आज आयर्लंडचा राष्ट्रपती!' अभिमान मलाही आहे. म्हणूनच हे नीट सांगायला हवं.

मुंबईत जन्मले ते वडील, डॉ. अशोक वराडकर. मूळ गाव मालवण तालुक्यातलं वराड. 1960च्या दशकात ते इंग्लंडला गेले. तिथे नर्स असलेल्या आयरिश मिरियम यांच्याशी ओळख झाली आणि लग्न झालं. लिओ यांचा जन्म डब्लिनचा, 18 जानेवारी 1979चा. मुंबईशी त्यांचा स्वतःचा धागा परळच्या केईएमचा. डॉक्टरकीच्या इंटर्नशिपचा काही काळ त्यांनी तिथे काढला.

राष्ट्रपती तर ते कधीच नव्हते. आयर्लंडचा राष्ट्रपती लोक थेट मतदानाने निवडतात. सरकार चालवतो पंतप्रधान. लिओ 2007मध्ये डब्लिन वेस्टमधून खासदार झाले, 2011मध्ये मंत्री आणि 2017मध्ये, 38व्या वर्षी, पंतप्रधान. 2020मध्ये पायउतार झाले, डिसेंबर 2022मध्ये पुन्हा आले. एप्रिल 2024मध्ये पद सोडलं आणि त्या वर्षीची निवडणूक लढवलीच नाही. तेव्हा 'आज' हेही खोटं.

मेसेजमध्ये एक गोष्ट मात्र हमखास गाळलेली असते आणि ते मला खटकतं. 2015मध्ये, मंत्री असताना, आपण समलिंगी असल्याचं त्यांनी रेडिओवरच्या मुलाखतीत सांगितलं. त्याच वर्षी आयर्लंडने सार्वमताने समलिंगी विवाहाला मान्यता दिली. 2019च्या अखेरीस वराडला आले तेव्हा आईवडिलांबरोबर त्यांचे जोडीदारही होते. गावाने सगळ्यांचंच स्वागत केलं.