पाच वॅटचा जावई

माझ्या डाव्या स्पीकरला पोचा आलाय. बरोब्बर मध्यभागी, बोटाच्या मापाचा. बोट कुणाचं हे मला माहीत आहे, बायकोला माहीत आहे, आणि ज्यांचं आहे त्यांचं म्हणणं असं की पोचा आधीपासूनच होता.

बोट मामांचं, म्हणजे बायकोच्या सख्ख्या मामांचं. उदगीरला त्यांची तूर-सोयाबीनची अडत. यंदा धोंड्याचा महिना, तेव्हा जावयाला रीतसर आवतण द्यायला ते रविवारी लातूरला आमच्याकडं आले. पोहे झाले, चहा झाला, पावसाचं बोलून झालं. मग बोलण्यात खंड पडला आणि मामांची नजर भिंतीकडं गेली.

"जावईबापू, ह्या कपाटाला कप्पे कामून केले न्हाईत?"

ते कपाट नव्हे. ते माझे फुल रेंज स्पीकर. हे खूळ ज्यांच्या घरात शिरलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. बाजारातल्या बहुतेक स्पीकरच्या खोक्यात दोन-तीन जण राहतात. खालच्या सुरांना मोठा वूफर, वरच्या सुरांना इवलासा ट्वीटर, आणि आत कॉइल-कपॅसिटरचा क्रॉसओव्हर, जो आवाजाचे तुकडे करून ज्याचा त्याला देतो. दोघांचं खोकं असेल तर हा काप साधारण दोन-तीन हजार हर्ट्‌झच्या आसपास पडतो, आणि माणसाचा कान नेमका त्याच टापूत सगळ्यात तिखट असतो. फुल रेंजवाले म्हणतात, कापायचंच कशाला? एक कागदी कोन, म्हणजे हलून आवाज काढणारा शंकू, आणि त्याला हलवणारी एक कॉइल. गाणाऱ्याचा स्वर आणि त्यानं मध्येच घेतलेला श्वास एकाच जागेवरून निघू दे. १९२५ साली अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकमधल्या चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी आजच्या धर्तीचा कोन-कॉइलचा स्पीकर जगापुढं मांडला, तोही असा एकटाच होता. शंभर वर्षं उलटली, इंग्लंडात लोथर आणि जपानात फोस्टेक्स अजून तेच धरून बसलेत, आणि लातुरात मी.

माझे आठ इंची आहेत, डबल कोनचे. मोठ्या कोनाच्या मध्यभागी एक छोटा कागदी कोन चिकटवलेला असतो. वरच्या पट्टीत मोठ्याला झेपेनासं झालं की काम हा छोटा उचलतो. त्याच्या पोटात नाजूक टोपी. बोट गेलं ते तिथं. पण त्याला वेळ आहे, आधी वजन झालं.

मामांनी एक खोकं बुडाला हात घालून उचललं, जरा हलवलं, कान लावला आणि खाली ठेवलं. "मालात वजन न्हाई."

मी म्हणालो, "मामा, वजनावर नसतं ते."

"समदं वजनावरच आसतंय. किती वॅटचं हाय?"

"स्पीकरला वॅट तसे... म्हणजे ॲम्प्लिफायर पाच वॅटचा आहे."

"पाचशे?"

"पाच."

मामांनी भाचीकडं बघितलं. स्थळ बघताना आपण चौकशी कमी केली, अशी खंत त्या नजरेत होती. "आगं, आपल्या न्हाणीत नऊ वॅटचा बल्ब हाय."

आता हा ॲम्प्लिफायर जुन्या रेडिओसारखा व्हॉल्व्हचा. आणि हे स्पीकर अल्पसंतुष्ट. एका वॅटवर एक मीटर अंतरावर साधारण ९५ डेसिबल देतात. दहा बाय बाराच्या खोलीत पाच वॅट म्हणजे चैन. हे सगळं मी मामांना नीट, क्रमानं, हातवारे करून सांगितलं. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं. सौदा मोडायच्या आधी ते समोरच्याचं पूर्ण ऐकून घेतात, असं बायको नंतर म्हणाली.

"आन् आत एकच कामून? दुसरा कमी पडला काय?"

"मामा, मुद्दाम एकच. आवाजाची वाटणी करायची नाही म्हणून."

वाटणी हा शब्द माझ्या तोंडून जायला नको होता असं मला बायकोच्या डोळ्यांवरून कळलं, पण तोवर मामा खुर्ची ओढून बसले होते. मामांचं आणि त्यांच्या धाकट्या भावाचं जमिनीवरून कोर्टात चालू आहे. किती वर्षं, ते दोघांच्या वकिलांनाच ठाऊक. मामांनी स्पीकरकडं पहिल्यांदाच जरा मायेनं पाहिलं.

"म्हंजे ह्यो एकत्र कुटुंबातला हाय म्हना की."

"तसंच."

"येकट्यानंच समदं वडायचं. नांगरबी त्यानंच धरायचा, पाटीबी त्यानंच टाकायची, आन् घरात पोरं रडली तर तीबी त्यानंच घ्यायची."

"अगदी तसंच मामा."

"मग दमत आसंल की."

मी गप्प बसलो, कारण दमतो. फुल रेंजचं खरं दुखणं या अडत्यानं माझ्या आधी सांगून टाकलं होतं. आवाज तेवढाच ठेवून एक सप्तक खाली उतरायचं तर कोनाला चौपट हलावं लागतं. चौपट! डग्ग्यासाठी तो असा पुढं-मागं हेलपाटत असतो, तेव्हाच त्याच कागदावर गायकाची तानही चाललेली असते. तिला त्या हेलपाट्यात धक्के बसणारच. म्हणून हे स्पीकर शंभर हर्ट्‌झच्या खाली सरळ अंग काढून घेतात. काळी एकच्या गायकाचा षड्ज १३८ हर्ट्‌झ, त्याच्या तंबोऱ्याची खर्जाची तार ६९. ती ६९ माझ्या स्पीकरमधून जवळजवळ येतच नाही. येतात ते तिचे वरचे स्वर, १३८, २०७, आणि पुढचे सगळे, जवारीनं उजळलेले. आणि त्या खुणांवरून खालचा खर्ज मेंदू आपल्या पदरचा घालतो. तंबोऱ्याच्या बाबतीत ही उसनवारी झकास चालते. डग्ग्याचा घुमारा मात्र पदरचा घालता येत नाही. कोपऱ्यात ठेवले तर भिंतींचा आधार मिळून खालचा आवाज थोडा भरतो, हेही मला माहीत आहे. पण लातुरात कोपरा रिकामा असतो का? २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तेव्हापासून आमच्या घरात कोपरा हा ड्रमचा. एका कोपऱ्यात निळा, दुसऱ्यात काळा. पाणी असो नसो, ड्रम हलणार नाही, असा आईचा हुकूम आहे.

असो. मामांना ऐकवायचं ठरलं. एका जुन्या मैफलीचं रेकॉर्डिंग लावलं. तंबोरे सुरू झाले. मला विचाराल तर जगातला हा सगळ्यात सुंदर क्षण आहे. दोन खोक्यांच्या मधल्या रिकाम्या भिंतीतून माणूस खाकरतो, बैठक सारखी करतो आणि पहिला सा लावतो. कुठं सांधा नाही, कुठं शिवण नाही. मी डोळे मिटले.

"सुरू कव्हा व्हनार?" मामांनी विचारलं.

"सुरू झालंय."

"न्हाई, गाणं."

त्यांना नीट ऐकू जात नव्हतं, यात स्पीकरचाही दोष होता. दहा हजार हर्ट्‌झच्या ध्वनिलहरीची लांबी साडेतीन सेंटिमीटरसुद्धा नाही, आणि माझा कोन वीस सेंटिमीटरचा. अशा वेळी आवाज पसरत नाही, सरळ समोर जातो. म्हणून या स्पीकरची एक खुर्ची ठरलेली असते. तिथं बसलात तर मैफल, हातभर सरकलात तर शेजारच्या घरातला रेडिओ. मी मामांना त्या खुर्चीवर बसायची विनंती केली. मामा म्हणाले, तिथं पंखा लागत नाही. मी पंखा हलवू शकत नाही. मामाही पंखा सोडू शकत नाहीत. लातूरचं ऊन बघता मी त्यांना दोष देत नाही. देतो, पण थोडाच.

"हलगी लावा," मामा म्हणाले.

लावली. आणि काय सांगू, मामा उठून उभे राहिले! हलगीची पहिली काडी पडली ती थेट खोलीत पडली. चामड्याचा ताण, काडीचा सपका, कडेवरची टिचकी, सगळं वेगवेगळं आणि तरी एकाच हातातलं. फुल रेंजचा जीव अशाच ठिकाणी असतो. "आरं, ह्ये तर दारात वाजायलंय," मामा म्हणाले आणि खरंच खिडकीतून खाली डोकावून आले. मी जिंकलो होतो. रेकॉर्डिंग तिथंच बंद करायला हवं होतं, पण रिमोट मामांनी धरला होता.

मग त्यात ढोल आला. म्हणजे यायला हवा होता. मामांना तो येताना दिसत होता, पोचत नव्हता. त्यांनी आवाज वाढवला. पाच वॅट संपले, हलगी चिरकली, ढोल तिथंच.

"अडकलाय," मामा म्हणाले. "आतच अडकलाय कुटंतरी."

अडतीवर पोत्याचं तोंड न उघडता आतला माल बघायची एक रीत असते. टोकदार पोकळ नळी पोत्यात खुपसायची, मूठभर दाणे बाहेर येतात, भाव ठरतो. आयुष्य त्यात गेलेल्या माणसाचं बोट आपोआप पुढं गेलं. मी "मामा!" म्हणेपर्यंत टोपीनं बारीकसा आवाज केला होता.

"मऊच लागलं," मामा म्हणाले. "माल हालकाच हाय."

धोंड्याच्या महिन्यात जावई विष्णूच्या जागी असतो. विष्णूनं पाहुण्यावर ओरडायचं नसतं. मी हसलो. बायकोनं सरबत आणलं.

तेव्हापासून चिकटपट्टी लावून ओढून झालं, पुठ्ठ्याची नळी करून तोंडानं हवा ओढून झाली, आईनं "तूप लाव" म्हणून झालं. कागद एकदा मुडपला की मुडपला. दुकानदार म्हणतो, सुटा मिळणार नाही, जोडीच घ्यावी लागेल. पोचा एकाला आणि पैसे दोघांचे. मी त्याला फोनवर विचारलं की चप्पल तुटली तर... पण त्यानं आधीच फोन ठेवला होता.

मामा गेल्यावर राग आला, तो बोटाचा कमी आणि त्यांच्या जाता जाता दिलेल्या निकालाचा जास्त. "छातीत वाजलं पायजे, जावई. छातीत वाजलं न्हाई त्यो आवाजच न्हाई." हे आता एकट्या मामांचं मत राहिलेलं नाही. आमच्या रस्त्यावरून वरात जाते तेव्हा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर अठरा इंची बेसची भिंत असते. नियम २००० सालापासून आहेत. वस्तीत दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५, आणि रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकर बंद. वाचायला छान आहेत. वरात आली की आमच्या फडताळातली स्टीलची भांडी थरथरू लागतात, आणि आई हातातलं टाकून मुकाट्यानं अंगणात जाऊन उभी राहते. किल्लारीच्या भूकंपाची, ३० सप्टेंबर १९९३ ची ती पहाट तिनं पाहिली आहे. तेव्हाही आधी भांडीच वाजली होती. गल्लीतली तिच्या वयाची बरीच माणसं अशी बाहेर येतात, एकमेकांकडं बघतात, आणि वरात पुढं गेली की आत जातात. खाली नाचणाऱ्या पोरांचा तेव्हा जन्मही झालेला नव्हता, त्यांना काय सांगणार? पण ट्रॉली भाड्यानं देणारे माझ्या वयाचे आहेत. त्यांना सांगून बघितलं. ते म्हणाले, एवढाच त्रास होत असेल तर डबल काचा बसवा.

एवढं मनात घोळत असताना संध्याकाळी मामांचा फोन आला. मला वाटलं, पोच्याबद्दल काही बोलतील.

"जावईबापू, एक इचारायचं ऱ्हायलं. आमच्या आण्णांचा मर्फीचा रेडिओ ध्यानात हाय का? न्हाई, तुमी कुटनं बगनार. काय आवाज हुता म्हनून सांगू! बातम्या लागल्या की समदी आळी गोळा व्हायची. तसा आवाज पुन्ना न्हाई ऐकला."

मला एकदम हुरूप आला. "मामा, त्यात एकच स्पीकर होता! व्हॉल्व्हचा सेट, चार-पाच वॅटचा, आणि एकच कोन. माझे हे तेच आहेत!"

पलीकडं बराच वेळ शांतता. मग मामा म्हणाले, "त्यो रेडिओ हुता."

"हो, पण मामा..."

"रेडिओचं येगळं. बरं ऐका. पुतन्याचा डीजे हाय, त्येनं नवा माल आनलाय. जुना येक अठरा इंची खोका मोकळा पडलाय. धोंड्याला तेहतीस अनारसे, चांदीचं निरांजन आन् त्यो खोका, आसं वाण ठरलंय. धोंड्यापतूर कामून थांबा म्हनून आजच टेम्पोत घातला. नळेगावच्या म्होरं आलाय बगा."

"मामा, खोलीत जागा नाही. दोन्ही कोपऱ्यांत ड्रम आहेत."

"वाणाला न्हाई म्हनत नसत्यात. दारातली गाडी तेवडी काडून ठिवा. आन् तुमचे ते दोन हालके खोके हायत ना, ते याच्यावर ठिवा. उंची चांगली येईल."