सिंपल टाइप म्हणजे ‘सोपा’ नव्हे, कॉम्प्लेक्स म्हणजे ‘अवघड’ नव्हे

जळगाव-भुसावळकडच्या प्रोग्रॅमिंग शिकणाऱ्या मुलांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक संदेश सारखा फिरतोय: “एक्सएमएल स्कीमात सिंपल टाइप सोप्या माहितीसाठी, कॉम्प्लेक्स टाइप अवघड माहितीसाठी. एलिमेंटमध्ये नुसता आकडा असेल तर सिंपलच लागतो. सगळं स्ट्रिंग ठेवलं की एररच येत नाही, तपासायचं ते कोडमध्ये तपासा.” एक्सएमएल म्हणजे खुणांमध्ये बांधलेल्या माहितीची फाइल, स्कीमा म्हणजे तिच्यात काय चालेल याचे नियम, टाइप म्हणजे त्यातला माहितीचा प्रकार, एलिमेंट म्हणजे नाव दिलेली खूण आणि तिच्या आतलं सगळं, आणि स्ट्रिंग म्हणजे कुठलाही मजकूर. केळी व्यापाऱ्यांच्या हिशोबाची सॉफ्टवेअरं करताना या सल्ल्याचं निस्तरणं माझ्या वाट्याला आलंय. म्हणून एकेक विधान घेतो.

पहिलं, सोपं-अवघड. ही वाटणी अवघडपणावर नाहीच. एलिमेंटच्या पोटात फक्त मजकूर असेल, दुसरा एलिमेंट नसेल आणि अ‍ॅट्रिब्यूटही (सुरुवातीच्या खुणेतच लिहिलेली जोडमाहिती) नसेल, तर तो सिंपल. आतला एलिमेंट किंवा अ‍ॅट्रिब्यूट, एक जरी आलं की कॉम्प्लेक्स. आयएफएससी कोडचा पॅटर्न (चार अक्षरं, मग शून्य, मग सहा अक्षरं किंवा अंक) लिहिताना डोकं शिणेल, तरी तो टाइप सिंपलच. उलट एकच अ‍ॅट्रिब्यूट असलेला रिकामा एलिमेंट कॉम्प्लेक्स.

दुसऱ्या विधानात मुलं सगळ्यात जास्त अडकतात. रावेरचा बोर्डभाव, म्हणजे केळीचा जाहीर झालेला बाजारभाव, घ्या. ‘भाव’ या एलिमेंटच्या आत आकडा, आणि तो क्विंटलचा आहे हे सांगायला ‘एकक’ हा अ‍ॅट्रिब्यूट. अ‍ॅट्रिब्यूट लागला त्या क्षणी सिंपल टाइप पुरत नाही, आत आकड्याशिवाय काही नसलं तरी. मग करायचं काय? आधी ‘भावप्रकार’ नावाचा सिंपल टाइप करा: पाया डेसिमल (दशांश चालणारा आकडा), शून्यापेक्षा मोठा, दशांशानंतर जास्तीत जास्त दोन अंक. मग कॉम्प्लेक्स टाइपमध्ये सिंपलकंटेंट (आत नुसता मजकूर आहे असं सांगणारा भाग) लिहून, ‘भावप्रकार’ला एक्स्टेन्शनने वाढवून ‘एकक’ जोडा. आकड्यावरची बंधनं तशीच राहतात आणि एकक वर बसतं. हे माहीत नसलं की मुलं एकक आकड्यालाच चिकटवतात, ‘क्विंटल’ शब्दासकट, आणि मग बेरीज करायला तो शब्द कापत बसतात.

आता स्ट्रिंग. एरर येत नाही हे खरंय, पण चूक आत शिरलेलीच असते. एका फाइलमध्ये भावाची जागा रिकामी आली होती. स्ट्रिंगला रिकामं चालतं, डेसिमलला चालत नाही. आमच्याकडे स्ट्रिंग होतं, त्यामुळे कोडने रिकाम्याचा शून्य केला आणि शेतकऱ्याची हिशोबपट्टी चुकली. वर्षभर राबून पिकवलेल्या मालाचा हिशोब होता तो.

मालाच्या प्रतीचंही तेच. नवती, पिलबाग, वापसी एवढीच नावं एन्युमरेशनमध्ये (चालणाऱ्या नावांच्या ठरलेल्या यादीत) बांधली की कुणी ‘पीलबाग’ लिहिलं तर फाइल दारातच अडते. स्ट्रिंगमध्ये त्या दोन वेगळ्या प्रती होतात आणि महिनाअखेरीचा ताळा जमत नाही.

मराठीत काम करणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावं. एलिमेंटचं नाव देवनागरीत चालतं, पण डेसिमलला देवनागरी अंक चालत नाहीत. इथेच पिनकोडचा सापळा आहे. स्कीमाच्या पॅटर्नमध्ये बॅकस्लॅश-डी म्हणजे युनिकोडमधला कुठलाही दशमान अंक, म्हणजे देवनागरी ४२५००१ सुद्धा पास होतो. फक्त इंग्रजी अंक हवे असतील तर चौकोनी कंसात शून्य ते नऊ अशी रेंजच द्या.

कोडमध्ये तपासणी लागतच नाही असं माझं म्हणणं नाही. वापसीचा भाव नवतीपेक्षा जास्त नसावा, अशी दोन एलिमेंटांमधली तुलना एक्सएमएल स्कीमाच्या २००१ च्या १.० आवृत्तीत लिहिताच येत नाही. त्यासाठीचं असर्ट (अशी अट लिहिण्याची सोय) २०१२ च्या १.१ मध्ये आलं, आणि मायक्रोसॉफ्टच्या डॉटनेट या प्रोग्रॅमिंग व्यवस्थेचा स्वतःचा व्हॅलिडेटर (स्कीमाप्रमाणे फाइल तपासणारा भाग) आजही १.० वरच आहे. तेवढी तुलना कोडमध्ये ठेवा. रिकामा भाव, चुकलेली प्रत आणि आकड्याला चिकटलेलं एकक मात्र स्कीमालाच अडवू द्या.