एक्स्प्रेसवेवरचे बोर्ड वाचा रे, कळकळीने सांगतोय

गेल्या रविवारी मुंबईहून पुण्याला येत होतो, मागे आई आणि मावशी बसलेल्या, आणि लोणावळ्याच्या एक्झिटपाशी पुढच्या कारने कचकन ब्रेक मारला, रस्ता फुटतो तिथल्या तिरक्या पांढऱ्या पट्ट्यांवर गाडी नेली आणि सरळ रिव्हर्स घ्यायला लागला. कशीबशी लेन बदलली, बाजूला ट्रक नव्हता म्हणून वाचलो, आईचे हात घरी येईपर्यंत थरथरत होते.

अरे एक्झिट चुकलं तर चुकलं, तळेगावला बाहेर पडा आणि मागे या! शंभरच्या स्पीडला गाडी सेकंदाला जवळजवळ 28 मीटर जाते, म्हणजे 500 मीटर आधीचा बोर्ड दिसल्यावर हातात 18 सेकंद असतात. डावीकडे यायला ते पुरतात, पण बोर्डकडे बघितलं तर ना.

बोर्डचा नुसता आकार कळला तरी अर्धं काम होतं. त्रिकोण म्हणजे पुढे धोका आहे, सांभाळ. लाल कडेचा गोल म्हणजे नियम, तिथे आपली मर्जी चालत नाही. निळा चौकोन म्हणजे माहिती, हॉस्पिटल, पेट्रोल पंप वगैरे. लांबून चित्र नाही दिसलं तरी आकार दिसतोच की.

घाटातले बोर्ड तर जीव वाचवायलाच लावलेत. उतारावर लो गिअर टाका असं लिहिलेलं असतं आणि तरी डिझेल वाचवायला न्यूट्रलवर गाडी सोडणारे आहेतच. माझ्या काकांनी आयुष्यभर ट्रक चालवला, ते म्हणायचे, ज्या गिअरात घाट चढतोस त्याच गिअरात उतर. न्यूट्रलला इंजिन गाडी धरून ठेवत नाही, सगळा भार ब्रेकवर येतो, लायनर तापतात, जळका वास येतो आणि मग पाय कितीही दाबला तरी गाडी थांबत नाही. आणि त्याच्यापुढे कोणाची तरी छोटी कार असते.

लायसन्सच्या वेळी आपण पंधरा-वीस चित्रं पाठ केली आणि विसरलो, एक्स्प्रेसवेवर कसं चालवायचं हे मला तरी कोणी शिकवलं नाही, ड्रायव्हिंग स्कूलवाल्यांनी हे शिकवायलाच पाहिजे असं माझं ठाम मत आहे.

आता आमच्याकडे लेक पुढे बसली की बोर्ड मोठ्याने वाचते, ते तिचं काम. परवा घाट सुरू होताना म्हणाली, बाबा, साठ! काटा 75 वर होता, लगेच पाय काढला.